ढग किती, आणि किती खालीं ?



हवामानावर बोलण्याचा मला अधिकार नाहीं, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. मी हवामानशास्त्रज्ञ नव्हें, आणि वैमानिक तर नव्हेंच. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों आणि पुढें सारी नोकरी मुलांना भूगोल व गणित शिकविण्यांत गेली, एवढीच माझी पुंजी. परंतु आकाशाकडे पाहण्याची संवय मात्र जुनी आहे. आमची शाळा पुण्याच्या नैर्ऋत्येकडील एका गांवांत होती. वर्गाच्या दाराशेजारीं एक लहानसा फळा टांगलेला असे. त्यावर रोज सकाळीं एका विद्यार्थ्यानें तारीख, तपमान आणि आकाश असे तीन रकाने भरावयाचे. आकाशाच्या रकान्यांत पहिलीं कांहीं वर्षें तीनच शब्द येत : निरभ्र, अंशतः ढगाळ, ढगाळ. पुढें मीं त्यांत सुधारणा केली. एका जुन्या आरशावर रंगाच्या रेघा ओढून त्याचे आठ सारखे भाग केले, तो अंगणांत आडवा ठेविला, आणि किती भागांत ढगाचें प्रतिबिंब पडतें तें मुलांना मोजावयास लाविलें. वाकून पाहणाराचें स्वतःचें डोकें हटकून एक-दीड भाग व्यापी, आणि त्यावरून भांडणेंही होत. पण मुलें अष्टमांशांत बोलूं लागलीं. "आज पांच अष्टमांश, गुरुजी !" असें कोणी ओरडलें म्हणजे मला धन्यता वाटे.

आकाशाचे आठ भाग कल्पून ढग मोजण्याची ही रीत वेधशाळांतही चालते, हें मला ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें एवढेंच कीं, विमानाच्या दृष्टीनें हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा मला २०२३ सालीं कळला, आणि तो कळण्यास जें निमित्त झालें तें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

त्या वर्षीं जुलै महिन्यांत मी नागपुरास मुलीकडे गेलों होतों. पुण्याहून पुतण्याचा फोन आला कीं, अण्णांची, म्हणजे माझ्या वडील बंधूंची, प्रकृति एकाएकीं बिघडली आहे. असाल तसे निघून या. दुपारचें विमान मिळालें. पुण्याजवळ आल्यावर तें घिरट्या घालूं लागलें. खिडकींतून पाहावें तों वर लख्ख ऊन आणि खालीं पांढरी गादी अंथरलेली. अर्ध्या तासानें ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली कीं, पुण्यास ढग फार खालीं आल्यामुळें आपण हैदराबादेस जात आहों. तेथें उतरतांच मीं पुतण्यास फोन लाविला. तो म्हणाला, "काका, येथें पावसाचा थेंब नाहीं. नुसतें ढगाळ आहे. आत्तांच एक विमान आपल्या घरावरून उतरायला गेलें." माझा तोल सुटला. एक तरुण मुलगी, विमानांतली सेविका, पाण्याचे पेले वांटीत होती. भर लोकांत मी तिला नको नको तें बोललों. थेंबभर पाऊस नसतां विमान उतरवीत कां नाहीं, मुंबई हाकेच्या अंतरावर असतां हैदराबाद कां गांठलें, आणि सकाळपासून अंदाज हातांत असतां निघालांतच कशाला, असे माझे तीन प्रश्न होते. तिच्यापाशीं उत्तर नव्हतें. रात्रीं उशिरां विमान पुण्यास आलें. अण्णा सायंकाळींच गेले होते.

ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें मला त्याच वर्षीं दिवाळींत मिळालीं. माझा एक विद्यार्थी, त्या आरशावर वाकणाऱ्यांपैकींच एक, आतां दुसऱ्या एका विमानकंपनीच्या उड्डाण-नियोजनाच्या कचेरींत कामाला आहे. विमानानें कोणत्या मार्गानें जावें, किती इंधन घ्यावें, आणि ठरल्या ठिकाणीं उतरतां न आल्यास कोठें जावें, हें आधीं मांडून कप्तानापुढें ठेवणें हें त्याचें काम. फराळाला आला तेव्हां मीं ते प्रश्न त्याच्यापुढें टाकले. त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि कागद मागितला. म्हणाला, "गुरुजी, तुमचा आरसा बरोबर होता. पण आरशांत ढगाची उंची दिसत नाहीं."

आज मी जें सांगणार आहें तें बहुतेक त्याच्या त्या कागदावरचें आहे.

विमानतळावरची त्या घटकेची हवा ठराविक वेळानें, मोठ्या विमानतळांवर दर अर्ध्या तासानें, एका सांकेतिक लिपींत जगभर कळविली जाते. ह्या हकीकतीला 'मेटार' असें नांव आहे. पुढच्या तासांचा जो अंदाज निघतो त्याला 'टाफ' म्हणतात. हा अंदाज सहा तासांहून कमी आणि तीस तासांहून अधिक मुदतीचा नसतो, आणि तो केवळ त्या विमानतळापुरता व त्याच्या निकटच्या परिसरापुरता असतो. वर्तमानपत्रांत 'पुणें जिल्ह्यांत आकाश सामान्यतः ढगाळ राहील' असें जें येतें, त्याच्याशीं ह्याचें नातें फार दूरचें. जिल्हा मोठा आहे; धावपट्टी दीड-दोन मैलांची. वैमानिकाला जिल्ह्याचें काय करावयाचें ?

ह्या लिपींत ढगाचें वर्णन दोन अंगांनीं होतें : किती, आणि किती उंचीवर. 'किती' हें अष्टमांशांनीं. एक-दोन अष्टमांश ढग असले तर 'फ्यू', तीन-चार असले तर 'स्कॅटर्ड', पांच ते सात असले तर 'ब्रोकन', आणि आठही भाग झांकले असले तर 'ओव्हरकास्ट'. ह्यांपैकीं 'ब्रोकन' हा शब्द आपल्यासारख्यांना फसवितो. तुटके ढग म्हटले म्हणजे आपल्यास ते विरळ वाटतात. प्रत्यक्षांत तेथें अर्ध्याहून अधिक आकाश झांकलेलें असतें. उंची शंभर फुटांच्या हिशेबानें तीन आंकड्यांत लिहितात : 'ब्रोकन ०१८' म्हणजे अठराशें फुटांवर पांच ते सात अष्टमांश ढगांचा थर.

आतां चार आणि पांच ह्या दोन अष्टमांशांमध्यें सारी मेख आहे. अर्धें आकाश मोकळें असेल तर ढगांच्या फटींतून जमीन दिसण्याची आशा बरी असते. अर्ध्याहून अधिक झांकलें कीं वैमानिकाच्या खालीं जमिनीऐवजीं छत येतें. वीस हजार फुटांच्या खालीं असलेला, अर्ध्याहून अधिक आकाश व्यापणारा जो सर्वांत खालचा थर, त्याच्या तळाच्या उंचीला इंग्रजींत 'सीलिंग' म्हणतात. आपण मेघछत म्हणूं. आमच्या शाळेच्या फळ्यावर 'आठ अष्टमांश' असें लिहिलेला दिवस मला सर्वांत वाईट वाटे. पण तो थर पंचवीस हजार फुटांवरच्या पिसासारख्या ढगांचा असेल तर विमानाला त्याचें सोयरसुतक नाहीं. उलट पांचच अष्टमांश ढग चारशें फुटांवर आले तर विमानतळ अडचणींत येतें. 'कॅव्होक' असा एक सांकेतिक शब्द आहे. दृश्यता दहा किलोमीटर वा अधिक, पांच हजार फुटांच्या खालीं ढग नाहीं (डोंगराळ भागांत ही मर्यादा आणखी वर जाते), गडगडाटी ढग मुळींच नाहीं, आणि पाऊस-धुकें नाहीं, असा त्याचा सुमारें अर्थ. हा शब्द असतांना वर आकाश पूर्ण आच्छादलेलें असूं शकतें ! मुलांनीं फळ्यावर 'ढगाळ' लिहिलें असतें, आणि विमानतळानें 'सारें ठीक'. आणि दोघांचेंही खरें.

ह्या नियमाला एक मोठा अपवाद आहे. गडगडाटी वादळाचा जो उत्तुंग ढग, ज्याला क्युम्युलोनिंबस म्हणतात, तो एकच अष्टमांश असला तरी नोंदावाच लागतो. त्याच्या पोटांतील वर-खालीं जाणारे वारे, गारा आणि विजा ह्यांच्यापुढें आठ अष्टमांशांचें साधें छत बापुडें. अंदाजांतील 'फ्यू' शब्दामागें ह्या ढगाचें नांव आलें कीं, नियोजनकर्ता बाकीचें सोडून आधीं तेथें बोट ठेवतो.

अंदाजांतली उंची विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. मला वाटतें, भूगोलाच्या मास्तरानें ही गोष्ट तरी न सांगतां ओळखावयास हवी होती. मुंबईचें विमानतळ समुद्रापासून जेमतेम चाळीस फूट वर आहे. तेथें दोन्ही मापें सारखींच. पुण्याचें विमानतळ मात्र सुमारें १९४० फूट उंचीवर आहे. समजा, पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आलेल्या एका थराचा तळ समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर आहे. मुंबईच्या माणसाच्या डोक्यावर तो तीन हजार फूट; तोच थर त्याच पातळींत घाट ओलांडून आला तर पुणेंकराच्या डोक्यावर हजार-साडेदहाशें फूटच. ढग खालीं उतरलेला नसतो. आपण वर चढलेलों असतों. थर इतक्या आज्ञाधारकपणें एका पातळींत राहत नाहीं हें खरें, तरी हिशेबाची दिशा हीच. आमच्या शाळेच्या अंगणांतून सिंहगड दिसे. त्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें ४३०० फूट, म्हणजे विमानतळाच्या धावपट्टीहून साधारण २३५० फूट उंच. गडावरचा दूरदर्शनचा मनोरा ढगांत बुडाला कीं, निदान त्या बाजूस तरी ढगाचा तळ धावपट्टीच्या वर २३०० फुटांच्या आंत आला असें समजावें. डोंगर आपल्यापुरते ढग ओढून घेतात, म्हणून हें माप तंतोतंत नव्हे. पण इतकीं वर्षें तो गड माझ्यापुढें मोजपट्टीसारखा उभा होता आणि मी मुलांना खालीं आरशांत पाहावयास सांगत होतों !

खरी उंची मोजण्याच्या युक्त्या मात्र मास्तरास आवडतील अशाच आहेत. पूर्वीं वेधशाळेंतून एक लहान फुगा सोडीत. तो मिनिटास किती फूट चढतो हें ठरलेलें असे. ढगांत तो केव्हां दिसेनासा होतो तें घड्याळावर पाहिलें कीं साध्या गुणाकारानें उंची निघे. रात्रीं सरळ वर तोंड केलेला एक प्रखर दिवा ढगाच्या पोटावर उजेडाचा ठिपका पाडी. ठराविक अंतरावर उभें राहून त्या ठिपक्याचा कोन मोजावयाचा : पाया ठाऊक, कोन ठाऊक, उंची काढा. हेंच उदाहरण मॅट्रिकला असतां मीं झाड घालून आणि देऊळ घालून किती वेळां सोडविलें असेल ! १९२८ सालीं हवामान खात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली. ती पुढें दिल्लीस गेली, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीस लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. तिच्यावरून जातांना हें उदाहरण कोणी जन्मभर पोटासाठीं सोडवीत असेल असें मनांतही येत नसे.

आतां हें काम 'सीलोमीटर' नांवाचें यंत्र करतें. लेझर किरणाचा एक ठोका वर जातो आणि ढगाच्या तळावरून परततो. लागलेल्या वेळावरून उंची कळते. ढग पंधराशें फुटांवर असेल तर हा जाण्यायेण्याचा वेळ सेकंदाचे दहा लक्ष भाग केले असतां त्यांतील सुमारें तीन भाग भरतो. यंत्र चोख आहे, पण तें थेट डोक्यावरचें तेवढेंच पाहतें. विमान ज्या दिशेनें येणार तेथें दोन-तीन मैलांवर काय आहे हें त्याला दिसत नाहीं.

हें झालें आतांच्या ढगाविषयीं. तीन तासांनंतरचा तळ कसा सांगावयाचा ? जमिनीजवळची हवा वर चढतां चढतां निवते आणि तिच्यांतील वाफेचे थेंब होतात, तेथें ढगाचा तळ बसतो. हवेचें तपमान आणि तिचा दंवबिंदु ह्यांत जितक्या अंशांचें अंतर, तितके चारशें फूट, असा पुंजक्यापुंजक्यांच्या ढगांसाठीं एक ठोकताळा आहे. तपमान २७ अंश, दंवबिंदु २३ अंश, तर तळ सुमारें सोळाशें फुटांवर. उन्हाळ्याच्या दुपारीं हें अंतर वीस अंशांचें असतें, आणि तेव्हां शें-दोनशें फुटांची चूक झाली तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पण आषाढांत अंतर दोन-तीन अंशांवर येतें. आतां अर्ध्या अंशाची चूक म्हणजे दोनशें फूट. त्यांत पाऊस पडूं लागला म्हणजे थेंबांची वाफ होऊन खालची हवा आणखी ओली होते, आणि मुख्य थराच्या खालीं फाटक्या चिंध्यांसारखे ढग पांच-सहाशें फुटांवर जमूं लागतात. पाऊस थांबतो, पण ह्या चिंध्या लगेच जात नाहींत. माझा पुतण्या म्हणाला होता तें अक्षरशः खरें होतें : थेंब नव्हता. पण ज्याच्याविषयीं बोलावयाचें तें थेंब नव्हतेच.

येथें मीं त्या विद्यार्थ्यास अडविलें. म्हटलें, "अरे, आतां उपग्रह आहेत. इन्सॅटचीं चित्रें आम्ही रोज दूरदर्शनवर पाहतों. त्यांत हे ढग दिसत नाहींत काय ?" तो हंसला. उपग्रह वरून पाहतो. त्याला ढगाचें डोकें दिसतें, पोट दिसत नाहीं. शिवाय रात्रंदिवस मिळणारीं जीं चित्रें असतात तीं उष्णतेच्या किरणांवरून काढलेलीं असतात. जें थंड तें त्यांत पांढरें दिसतें. उंचावरचे ढग फार थंड, म्हणून तेजस्वी पांढरे. जमिनीलगतचा थर मात्र जवळजवळ जमिनीइतकाच ऊबदार. तो त्या चित्रांत जमिनींत मिसळून जातो. म्हणजे विमानतळ बंद पाडणारा ढगच त्या चित्रांत सर्वांत फिका !

म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान-वाहतूक संघटनेनें अशा अंदाजांपासून ठेवलेली अपेक्षा फार सावध आहे. हजार फुटांपर्यंतच्या ढगाची उंची शंभर फुटांच्या फरकानें बरोबर यावी. आणि तीही शंभरांपैकीं सत्तर वेळां आली तरी पुरे. हें ऐकून मी चकित झालों. आमच्या परीक्षेंत सत्तर गुणांना प्रथम वर्ग मिळतो हें खरें, पण उरलेल्या तीस वेळां काय करावयाचें ? तो म्हणाला, "त्या तीस वेळांसाठींच आम्ही आहों, गुरुजी."

मग त्यानें कागदावर त्या दिवसासारखाच एक अंदाज नमुन्यादाखल लिहिला. वारा २५० अंशांकडून, १४ नॉट. दृश्यता ४००० मीटर. हलका पाऊस. स्कॅटर्ड ०१०, ब्रोकन ०१८, ओव्हरकास्ट ०८०. पुढें एक शब्द, 'टेंपो'. आणि ०८ ते १२ ह्या वेळांत दृश्यता १५०० मीटर, ब्रोकन ००४. मीं लगेच म्हटलें, "आठ ते बाराचें काय ? आमचें विमान दुपारीं आलें." माझी ही चूक सर्वजण करतात म्हणे. विमानांच्या लिपींतील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालतें. त्यांत साडेपांच तास मिळवावे लागतात. आठ म्हणजे आपले दीड, आणि बारा म्हणजे साडेपांच. आमचें विमान पुण्यावर घिरट्या घालीत होतें ती वेळ बरोबर ह्या पोटांत येते.

'टेंपो' म्हणजे तात्पुरतें. ती वाईट स्थिति एका वेळीं तासाभरापेक्षां कमी टिकेल, आणि सर्व मिळून त्या मुदतीच्या अर्ध्याहून कमी भरेल, असा त्याचा करार आहे. म्हणजे चार तासांत दोन तासांच्या आंत, तुकड्या-तुकड्यांनीं, मेघछत चारशें फुटांवर येणार; पण कोणत्या घटकेस, तें अंदाज सांगत नाहीं. सांगूं शकतही नाहीं. कधीं कधीं 'प्रॉब ३०' किंवा 'प्रॉब ४०' असें येतें, म्हणजे ती गोष्ट घडण्याचा संभव शंभरांत तीस किंवा चाळीस. तिसाच्या खालचा संभव लिहीतच नाहींत, आणि पन्नास वा अधिक असला तर 'संभव' हा शब्द गळून तो सरळ अंदाजांतच येतो.

माझ्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळालें. अंदाज हातांत होता, आणि त्यांत विमान उतरण्यास बहुतांश वेळ अडचण नाहीं असेंच म्हटलें होतें. असा अंदाज पाहून विमान न सोडावयाचें ठरविलें तर जून ते सप्टेंबर अर्ध्या महाराष्ट्राची वाहतूक उभी राहील. नियोजनकर्ता विमान सोडतो, पण त्या 'टेंपो' शब्दाची किंमत इंधनांत मोजतो. मार्गासाठीं लागणारें इंधन. त्यावर अनपेक्षित खर्चासाठीं साधारण शेंकडा पांच. ठरल्या ठिकाणाहून पर्यायी विमानतळापर्यंत पोंचण्याचें. आणि त्यावर, जेट विमानास, पंधराशें फुटांवर तीस मिनिटें घिरट्या घालतां येतील एवढें अखेरचें राखीव. हें शेवटचें इंधन वापरण्यासाठीं नसतें. उतरल्यावर तें टांकींत शिल्लक असलेंच पाहिजे. ह्यांखेरीज, 'टेंपो' दिसला म्हणून, वीस-तीस मिनिटें वाट पाहण्यापुरतें आणखी. जास्त कां नाहीं, असें मीं विचारलें. तर इंधनाला वजन असतें, आणि तें वजन वाहून नेण्यासही इंधनच लागतें. शिवाय वजनाला मर्यादा आहे. ती गांठली कीं एकतर इंधन कमी करा, नाहींतर माणसें किंवा सामान.

दुसरा प्रश्न मुंबईचा. पर्यायी विमानतळ जवळचें असून भागत नाहीं. विमान तेथें पोंचेल त्या वेळेच्या तासभर आधींपासून तासभर नंतरपर्यंतचा त्याचा अंदाज पाहतात, आणि तो उतरण्याच्या मर्यादेहून चांगला ऐसपैस वर असावा लागतो. ज्या पश्चिमेच्या ओल्या वाऱ्यानें पुणें झांकलें, तोच वारा मुंबईवरून आलेला. एकाच ढगाखालचीं दोन विमानतळें एकमेकांना पर्याय कसलीं ? घाटाच्या पूर्वेस जसजसें जावें तसतसा पाऊस ओसरतो आणि ढगाचा तळ वर जातो. हैदराबाद लांब आहे म्हणूनच तें कामाचें. भूगोलाच्या तासाला पर्जन्यछायेचा प्रदेश नकाशांत रंगवून घेणाऱ्या मास्तरास हें कळूं नये !

राहिला पहिला प्रश्न. धावपट्टीवर नेणारी सर्वसाधारण उपकरण-यंत्रणा, म्हणजे पहिल्या श्रेणीची, असेल तर वैमानिकास ढगांतूनच जमिनीपासून दोनशें फुटांपर्यंत उतरतां येतें. त्या उंचीवर धावपट्टी अथवा तिचे दिवे दिसले तर उतरावयाचें, न दिसले तर तत्काळ वर चढावयाचें. जेथें ती यंत्रणा नसते, किंवा वाऱ्यामुळें ती नसलेल्या टोंकाकडून यावें लागतें, तेथें ही मर्यादा कांहींशें फुटांनीं वर जाते. आणि मग चारशें फुटांवरचें छत म्हणजे बंद दार. त्या दिवशीं आमच्या कप्तानानें नक्की कोणती मर्यादा धरली हें माझ्या विद्यार्थ्यास माहीत नव्हतें, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर तो बोलेना. त्याचें एवढेंच म्हणणें कीं, घिरट्या घालण्यासाठीं घेतलेलें इंधन संपत येतें आणि शिल्लक उरतें तें नेमकें पर्यायी विमानतळ अधिक तीस मिनिटें. हवा साशंक असतां त्या घटकेस निघावें लागतें. दहा मिनिटांनीं ढग उचलला जाईल हें खरें असूं शकतें. पण तें तेव्हां कोणास ठाऊक असतें?

"मग पुतण्यानें पाहिलेलें तें विमान ?" मीं विचारलें.

"तें मागाहून आलें असेल, गुरुजी. त्याच्या वेळीं छत वर गेलें असेल. 'टेंपो' म्हणजे तेंच."

मी बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. वीस मिनिटें अधिक मिळालीं असतीं तर मला अण्णा भेटते. पण तीं वीस मिनिटें आणावयाचीं कोठून, तें त्या कागदावर मला सांपडेना. विमानकंपनीला मीं नंतर पत्र लिहिलें. त्या दिवशींच्या त्या मुलीपर्यंत माझा निरोप पोंचवा, मी तिला बोललों तें अयोग्य होतें, असें त्यांत होतें. पत्र मिळालें एवढी छापील पोंच आली. तिच्यापर्यंत तें गेलें कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं.

शाळेचा तो फळा अजून आहे. २०२४ च्या जूनमध्यें मी तेथें जाऊन नव्या बाईंच्या परवानगीनें चवथा रकाना आंखून दिला : 'मनोरा दिसतो काय ?' पहिल्याच आठवड्यांत एका मुलीनें त्यांत 'अर्धा' असें लिहिलें. बाई तें पुसून 'होय' करणार होत्या. मीं म्हटलें, राहूं द्या.